मागची चाकं आणि आमचे साडू

गाडीच्या मागच्या चाकांच्या अब्रूसाठी भरल्या ताटावरून उठणारा माणूस अख्ख्या सुरतेत एकच आहे, आणि माझं नशीब असं की तो माझा साडू आहे. डिंडोलीत त्यांचं चाकं सरळ करायचं गॅरेज आहे. गाडीच्या दोन्ही अंगांना पॉलिस्टरचा दोरा ताणायचा, दोऱ्यापासून चाकाचं अंतर पट्टीने मोजायचं आणि मोजता मोजता कॉम्प्युटरवाल्यांना शिव्या घालायच्या, ही त्यांची पद्धत. वरातीत लोक नवरदेव बघतात, हे गृहस्थ वाकून टायर बघतात. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात व्याह्यांना म्हणाले, "तुमची गाडी डावीकडे ओढते, बाकीचं नंतर बोलू." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. मागची चाकंही वळणाऱ्या गाड्या निघाल्यात, असं मी एकदा जेवताना म्हणालो. "पुढच्यांनी वळायचं, मागच्यांनी निमूट मागून यायचं! बँकेत बसून काहीही ऐकता!" म्हणत ते उठले. माझ्याच घरी, माझ्याच बायकोने केलेल्या शेवभाजीवरून!

आणि नेमकी तसलीच गाडी त्यांच्याकडे आली. एका साडीवाल्या शेठची. गाडी तिरकी चालत होती आणि समोर कसलासा लाल दिवा पेटला होता. "दिवे देवापुढे लावायचे," म्हणत साडूंनी दोरा ताणला. मागची दोन्ही चाकं एका बाजूला वळलेली. "हाई काय शे?" असं अहिराणीत ओरडून त्यांनी मागच्या चाकांचे जोडदांडे फिरवून कमी-जास्त केले, चाकं दोऱ्याच्या रेषेत आणली. गाडी बाणासारखी सरळ गेली. दोन दिवस साडूंशी बोलायची सोय नव्हती.

तिसऱ्या दिवशी शेठचा फोन. लाल दिवा विझेना म्हणून कंपनीच्या वर्कशॉपमध्ये बिघडलेला भाग बदलला आणि गाडी पुन्हा तिरकी! "काका, हवे मारी गाडीने हाथ नहीं लगाडता." म्हणजे आता माझ्या गाडीला हात लावायचा नाही. शेठच्या शब्दावर अर्ध्या मार्केटच्या गाड्या साडूंकडे येत. त्यांचं नावच पणाला लागलं. भांडायला ते वर्कशॉपला निघाले आणि इंग्रजी बोलायला मला नेलं.

तिथल्या इंजिनियर मॅडम शांत होत्या, त्याचाच मला जास्त राग आला. त्यांनी काढलेला भाग टेबलावर मांडला. मुठीएवढी मोटर, पट्टा, पट्ट्याने फिरणारा नट आणि नटातून आरपार आट्यांचा दांडा. नट फिरला की दांडा डावी-उजवीकडे सरकतो, मागची चाकं थोडी वळतात. गाडी हळू असली तर पुढच्यांच्या उलट, म्हणजे गल्लीत पटकन वळता येतं; वेगात असली तर पुढच्यांच्याच दिशेने, म्हणजे गाडी डगमगत नाही. दांडा कुठे आहे हे सांगणारा सेन्सर मेला होता, म्हणून दांडा एका बाजूला अडकला. "काका, तुम्ही अडकलेल्या दांड्यावर चाकं सरळ केलीत. नवा दांडा मध्यावर आला, चाकं गेली बाजूला."

साडूंनी दांडा दोन्ही हातांनी दाबला. हलेना. सगळा जीव लावून दाबला, तरी हलेना. "वीज गेली तरी आटे धरून ठेवतात," मॅडम म्हणाल्या. ते बराच वेळ त्या आट्यांवरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "चूक माझी. आधी दांडा मध्यावर आणायला पाहिजे होता. आता चाकं मी लावून देऊ?" बाहेरच्यांना आत हात लावता येत नाही, असं उत्तर आलं. तीस वर्षं गाड्यांखाली काढलेल्या माणसाला त्यांनी सोफ्यावर बसवलं, हातात कॉफी दिली! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. ते मात्र काचेतून बघत राहिले, कॉफी निवेपर्यंत.

हल्ली गॅरेजात मोठी गाडी आली की आधी विचारतात, "मागची वळतात का?" वळत असली तर स्वतः वर्कशॉपचा पत्ता देतात. वर सांगतात, "मॅडमचं काम चोख आहे." याचा मला संताप येतो. अहो, भांडा की! परवा मी मुद्दाम म्हणालो, "साडूभाऊ, यापुढे सगळ्याच गाड्यांची मागची चाकं वळणार बघा." त्यांनी हातातला दोरा गुंडाळत मान हलवली.

"बरोबर आहे तुमचं," म्हणाले.

वीस वर्षांत पहिल्यांदाच. मला काही ते ऐकवलं नाही.