उम्म हनादीचं काचेचं कपाट

मी इस्त्रीवाला. कैरोच्या कबरस्तानातल्या वस्तीत एकतीस वर्षं लोकांचे कपडे इस्त्री करतोय, तेव्हा गरीब माणूस कसा दिसतो हे मला कोणी शिकवू नये. गरिबाकडे धड शर्ट एकच असतो, म्हणून तो गुरुवारी माझ्याकडे येतो आणि शुक्रवारच्या नमाजाला कॉलर ताठ पाहिजे म्हणून माझ्याशी भांडतो. मालिकांतल्या गरिबानं मात्र जन्मात इस्त्री पाहिलेली नसते. केस पिंजारलेले, बाहीला भोक, आणि किंचाळल्याशिवाय एक वाक्य बोलणार नाही. रमजानचे तीस दिवस रोजा सोडला की हे बघायचं आणि गरिबांची कहाणी म्हणून डोळे पुसायचे. माझं डोकं फिरतं.

उम्म हनादीचं सांगायचं तर आधी हे बोलून टाकणं भाग आहे. तिचं खरं नाव इन्शिराह, पण एकुलत्या एका लेकीच्या नावावरून सगळे तिला हनादीची आई म्हणून उम्म हनादी म्हणतात. ब्याण्णवच्या भूकंपात तिचं घर कोसळलं तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं. दीड वर्ष नवरा-बायकोनं तंबूत काढलं. हनादी तिथेच जन्मली. मी तेव्हा कोळशाची इस्त्री घेऊन त्या तंबूंमधून फिरायचो. उम्म हनादी रोज सकाळी तंबूपुढची माती झाडायची आणि दोरीवर कपडे मापानं वाळत घालायची, नवऱ्याचा सदरा एका टोकाला, पोरीचे लंगोट दुसऱ्या टोकाला. डोक्यावर छप्पर नसलेली बाई मी अशी पाहिली आहे.

पुढे तिच्या नवऱ्याला आमच्या वस्तीत कबरींची राखण मिळाली. अंगणात दोन कबरी आणि मागे दोन खोल्या, त्यांतच संसार. नवरा लवकर वारला. ती सलगमच्या कंदाचं गुलाबी लोणचं घालून बाजारात विकू लागली आणि त्यातून लेकीचं रुखवत जमवत राहिली. आमच्याकडे रुखवतात काचेचं कपाट हवंच, आत सोनेरी काठाचे कप हवेत. ते कप वापरायचे नसतात. लग्नानंतर लेकीच्या घरात आल्यागेल्याच्या नजरेला पडायचे असतात. उम्म हनादीनं पहिला कप तंबूत असताना घेतला. एकवीस वर्षांत कपाट भरलं. त्याची किल्ली ती गळ्यात घालायची.

हनादीची सोयरीक कैरोतल्याच शुब्रा भागातल्या वजीहशी ठरली. एसी दुरुस्त करणारा, शांत मुलगा. त्याची आई बहिय्या, सगळे तिला मानानं हाज्जा म्हणायचे, शाळेत कारकून होती. मुलीला बाप नाही म्हणून वडीलधारा मी बसलो, दोन्ही घरांनी मिळून कुराणातली फातिहा वाचून सोयरीक पक्की केली, लग्न ईदनंतरचं ठरलं.

त्याच थंडीत मालिकावाले वस्तीत आले. गल्लोगल्ली फिरून त्यांनी उम्म हनादीचं घर पसंत केलं. बाई हरखून गेली. ईदला काढतात तसा तिनं सगळ्या घराला चुना काढला, पडदे माझ्याकडून इस्त्री करून नेले, दारात जास्वंदीची कुंडी ठेवली. सगळा देश घर बघणार म्हणून दोन रात्री ती झोपली नाही.

दिग्दर्शक आला आणि उंबऱ्यातच थांबला.

"हे कोणी केलं?"

"मीच केलं, साहेब. पाहुणे यायचे म्हणून."

"अहो बाई, हे घर मी कशासाठी निवडलं होतं?"

मग त्यांची माणसं कामाला लागली. चुन्यावर काजळी फवारली. पडदा खाली ओढून मधोमध फाडला. फरशीवर कचरा पसरला. तो कचराही त्यांनी पिशवीतून बरोबर आणला होता, कारण आमच्या घरात पुरेसा निघाला नसता. काचेच्या कपाटासमोर दिग्दर्शक हसला.

"झोपडीत असलं कपाट? लोकांना खरं वाटणार नाही. हलवा."

कपाट बाहेर दोन कबरींच्या मध्ये नेऊन ठेवलं आणि वर चादर टाकली. उम्म हनादी दिवसभर त्याच्याजवळ राखण करत बसली. माझ्याकडे त्यांनी नटाचा सदरा दिला, मी सवयीनं सुरकुत्या काढून कडक इस्त्री मारली, तर कपडेपटातल्या माणसानं तो माझ्या डोळ्यांदेखत चुरगाळून पायाखाली तुडवला.

कथा काय, तर एक बेघर बाई रस्त्यावरून त्या खोलीत येते आणि तान्हं मूल भिकाऱ्यांच्या टोळीला देऊन टाकते. नटी बिचारी चांगली होती. तिनं उम्म हनादीलाच विचारलं, "मावशी, हिच्या जागी तुम्ही असतात तर काय केलं असतंत?"

"असते कशाला, होतेच की," उम्म हनादी म्हणाली. "रस्त्यावर आले होते, तंबूत राहत होतो, लेक दोन दिवसांची होती. माझं पांघरूण तिला घातलं आणि आम्ही दोघं बसून राहिलो. पोर द्यायचं कोणाच्या मनातही आलं नाही."

"छान आहे," दिग्दर्शक म्हणाला, "पण आपल्या कथेत तसं नाही."

एवढं होऊनही ती बाजारात सांगत सुटली की आमचं घर टीव्हीवर येणार. तिला वाटलं, काजळी थोडीच दिसेल, बाकी घर तर दिसेल. काजळीच दिसणार, हे माझ्या ओठावर आलं होतं, पण तिचा उत्साह बघून गप्प बसलो. तिचं ऐकून हाज्जा बहिय्यानंही शुब्रात सगळ्यांना सांगितलं.

रमजान लागला आणि अकराव्या भागात घर आलं. दारातली निळी चौकट, अंगणातल्या कबरी, सगळं ओळखू येत होतं. आत उकिरडा, आणि गंजक्या डब्यातून पाणी पिणारी बाई मूल विकते आहे.

रमजानात मुलाकडचे मुलीकडे सणाची टोपली घेऊन येतात, सुका मेवा, शेवया, कापड. पंधराव्या रोज्याला हाज्जा बहिय्या आणि वजीह आले ते रिकाम्या हातांनी. मी तेव्हाच समजलो. रोजा सोडला, कोणी नीट जेवलं नाही, मग हाज्जा बोलली.

"मालिका बघायला आमच्या इमारतीतल्या, जिन्यावरच्या सगळ्या बायका मीच बोलावल्या होत्या. रव्याचा गोड बसबूसा खाऊ घातला. म्हटलं, बघा माझ्या विहीणबाईंचं घर. आता मी वर-खाली करताना त्या गप्प होतात."

"भिंत त्यांनी काळी केली, हाज्जा," उम्म हनादी म्हणाली.

"मला ठाऊक आहे. तुमचं घर मी पाहिलंय, आंधळी नाही मी. पण लोकांची तोंडं कशी धरू? तुम्ही एवढंच करा. ईदला आमच्याकडे याल तेव्हा बायकांसमोर म्हणा, ते घर आमचं नव्हतंच, स्टुडिओतलं होतं. माझ्याच ऐकण्यात चूक झाली. तेवढं म्हटलंत की लग्नाला माझी काही हरकत नाही."

मी उम्म हनादीला डोळ्यांनी खुणावलं, म्हण हो. एका खोट्यानं पोरीचं भलं होतंय तर होऊ दे. माझी मला लाज वाटते, पण खुणावलं खरं.

"घर माझं आहे," ती म्हणाली. "घाण त्यांची आहे. त्यांच्या घाणीसाठी मी माझं घर नाकारू?"

"लेकीचा विचार करा."

"तिचाच करतेय. आज घर नाकारलं, उद्या तुमच्या जिन्यावर तिला आई नाकारावी लागेल."

तिनं गळ्यातली किल्ली काढली, कपाट उघडलं, सोनेरी काठाचा कप पुसला आणि त्यात चहा ओतून हाज्जापुढे ठेवला.

"हे कप लग्नानंतर तुमच्या पोराच्या घरी जायचे होते. आज इथेच प्या. टीव्हीवर आम्ही डब्यातून पितो ना, म्हणून म्हटलं."

हाज्जा कपाला न शिवता उठली. वजीह सगळा वेळ स्वतःच्या बुटांकडे बघत होता. दारात तो वळला, हनादीकडे पाहिलं, आणि आईच्या मागे चालता झाला. दिग्दर्शकापेक्षा मला त्या पोराचा जास्त राग आहे. दिग्दर्शकाला आमचं काही माहीत नव्हतं. याला सगळं माहीत होतं.

हनादी पुढे आली, बोटातली सोयरिकीची अंगठी काढून माझ्या हातात दिली. मग खाली बसली आणि तो गार झालेला चहा तिनं शेवटपर्यंत प्यायला.

"आई," ती म्हणाली, "किल्ली परत गळ्यात घालू नकोस. आता रोज यातूनच प्यायचा."

उम्म हनादी तेव्हा रडली. त्या सगळ्या प्रकरणात मी तिला रडताना पाहिलं ते तेवढंच.

अंगठी मी शुब्राला पोचवून आलो. ईदला वर्तमानपत्रात छापून आलं की या मालिकेनं गरिबांचा खरा चेहरा दाखवला. त्या कागदात मी कोणाचा तरी इस्त्रीचा पायजमा गुंडाळून दिला.

अजून मी कपडे पोचवायला गेलो की हनादी सोनेरी काठाच्या कपातून चहा देते. मागच्या भिंतीवर चुन्याचे तीन हात मारूनही काजळीचा डाग दिसतो. कबरस्तानातली लोणचेवाली आणि तिची लेक रोज असल्या कपांतून चहा पितात, हे मालिकेत कोणी दाखवणार नाही. लोकांना खरं वाटणार नाही.