डाव्या पायाच्या हुकुमाला उजवा पाय

दिगंबर मोंडकर यांना मी पाहिले त्याआधी ऐकले. युद्ध संपून कुवेत पुन्हा उभे राहत होते, तेव्हाची गोष्ट. शुक्रवारी सुट्टीच्या दुपारी मी आणि माझे यजमान अब्बासिया या भारतीयांच्या वस्तीत कोकम आणायला गेलो होतो. दुकानाच्या वरच्या मजल्यावरून हसण्याचा असा गडगडाट आला की आम्ही पिशव्या घेऊन थेट जिना चढलो.

खोलीत पंचवीसएक कोकणी कामगार दाटीवाटीने बसले होते. टीव्हीचा आवाज बंद. पडद्यावर सक्तीने सैन्यात भरती केलेले तीन वेंधळे शिपाई कवायत करत होते. चित्रपट कुठल्या देशाचा, हे कोणालाच ठाऊक नव्हते. शेजारी इस्त्रीच्या शर्टात मोंडकर उभे राहून सगळ्यांचे संवाद मालवणीत म्हणत होते.

"डावो पाय म्हटलंय मा? मगे हो खयचो?" उजवा पाय टाकणाऱ्या शिपायावर हवालदार ओरडला.

"साहेबानू, आमच्याकडे पायांचा बारसा करनत नाय."

"परत! पयल्यापासून!"

आणि सगळी पलटण पुन्हा रांगेत.

मोंडकर मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत फिटर होते. त्यांचे वडील दशावतारात काम करत. तिथे संवाद लिहिलेले नसतात. कथा ठाऊक असली की बोलणे जागेवर सुचते. तीच विद्या मोंडकरांनी या कॅसेटींना लावली. त्यामुळे एकच चित्रपट दहा वेळा पाहिला तरी दहाही वेळा नवा. आठवडाभर फोरमनची बोलणी खाल्लेली माणसे पडद्यावरचा हवालदार चिखलात पडला की एकमेकांच्या पाठीवर थापा मारत. "हसाचा ता साहेबाक," मोंडकर बजावत, "शिपायाक नाय. तो आपलोच."

प्रत्येक कॅसेट ते आधी एकटे पाहत आणि गोळीबार कुठे येतो ते चिठ्ठीवर टिपून ठेवत. त्यांच्या खोलीतल्या एका गृहस्थांनी युद्धाचे महिने कुवेतमध्येच काढले होते. तो भाग आला की मोंडकर मुकाट्याने कॅसेट पुढे पळवत.

मी तेव्हा एका रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट होते. मोंडकरांच्या खेळांना नेमाने येणारे भिकाजी नावाचे सुतार परांचीवरून पडून आमच्याकडे आले होते. उजव्या मांडीचे हाड जुळले, डॉक्टरांनी भार टाकायला सांगितले, पण भिकाजी पाय जमिनीला लावेनात. तो असाच राहिला असता तर कायमचा आखडला असता. मी समजावले, रागावले, कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांसारखी करडी शिस्तही लावून पाहिली. शेवटी मोंडकरांना फोन केला.

पुढच्याच शुक्रवारी ते व्हीसीआर चादरीत गुंडाळून हजर झाले. व्यायामाच्या दांड्यांसमोर टीव्ही लागला. भिकाजी दोन्ही दांड्या धरून डाव्या पायावर उभे. पडद्यावर कवायत सुरू झाली आणि मोंडकर भिकाजींकडे वळून गरजले, "शिपाय भिकाजी! डावो पाय पुढे!"

भिकाजींना तो खेळ पाठ होता. या हुकुमाला कुठला पाय टाकायचा, हे अब्बासियातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. त्यांनी हसत हसत उजवा टाकला. त्यावर उभे राहिले. मग एकदम हसू थांबवून खाली पाहू लागले.

"हो खयचो?" मोंडकरांनी बोट दाखवून विचारले.

"उजवो, साहेबानू," भिकाजी म्हणाले.

"परत. पयल्यापासून."

त्या दिवशी ही चूक भिकाजींनी अकरा वेळा केली. माझ्या साऱ्या नोकरीत इतका आनंद मला क्वचितच झाला असेल. पुढे ते कितीतरी वर्षे सुतारकाम करत राहिले.

मोंडकर आता कुडाळला असतात आणि या महिन्यात पंचाहत्तरी पूर्ण करत आहेत. त्यांच्यासाठी माझे मागणे एवढेच: वरच्या साहेबाचा हुकूम कधीतरी सर्वांनाच येतो. त्यांना येईल तेव्हा त्यांनी बिनदिक्कत चुकीचा पाय टाकावा, साहेबाने चिडून "परत, पयल्यापासून" म्हणावे, आणि ही कवायत अशीच वर्षानुवर्षे चालू राहावी. रांगेत आम्ही सगळे आहोतच.