नानांनी चालून काढलेल्या खुणा

माझ्या रावेरच्या गाळ्यात नाना कधी खुर्चीवर बसले नाहीत. बोलता बोलता दारापासून टेबलापर्यंत पावलांनी माप घेत राहायचे. मूळचे पिंपळनेरचे, जमीनमोजणीच्या नोकरीतून निवृत्त झालेले. माझ्या गाळ्यामागे लेकीकडे राहायला आले आणि त्यांचे पाय शिवशिवू लागले. "बशेल माणूस गंजी जास, दादा," म्हणायचे.

मी हमालीतून केळी विकत घेऊन गाड्या भरायचा धंदा उभा केला. कापलेले घड उन्हात पडून राहिले की माल गेला, म्हणून गाडी वेळेवर पोचलीच पाहिजे. त्यासाठी घासाघीस करून जळगावच्या एका कंपनीकडून ॲप करून घेतले. शेतकऱ्याने आपल्या वावरात उभे राहून मोबाईलवर त्या जागेची खूण करायची, ती क्लाउडवर साठायची, आणि चालकाला जवळच्या कापणीची वाट फोनवर दिसायची. पहिल्याच सकाळी माझ्या सगळ्या गाड्या गावच्या चौकात एकमेकींसमोर उभ्या. लोकांनी आदल्या संध्याकाळी घरच्या ओट्यावर बसून बटण दाबले होते. वावर आपलेच, मग खूण करायला तिथवर जायचे कशाला?

मी फोनवर एकेकाचा उद्धार करत होतो. नाना शांतपणे म्हणाले, "मोबाईलले काय ठाऊक, तू घर शेस का वावरमा?" आणि चपला घालून निघाले.

महिनाभर ते बांधाबांधाने हिंडले. मी सोबत गेलो तेव्हा ते वावराच्या मध्यावर न थांबता पार कोपऱ्यातल्या नाल्याशी गेले.

"नाना, केळी तिकडे आहेत."

"केळी तठे शेतस. गाडी अठे फिरस."

गाडीला वळायला जागा असेल तिथेच ते खूण करत. एकही गाडी पुन्हा चुकली नाही. तालुक्यात अशा खुणा फक्त माझ्याकडे होत्या, आणि त्या जोरावर मी शेतकऱ्यांना द्यायचा भाव दाबू लागलो.

मग एक दिवस समोरच्या व्यापाऱ्याच्या गाड्या त्याच कोपऱ्यांवर वळताना दिसल्या. आपली खूण दुसऱ्याला कशी पाठवायची, हे नानांनी प्रत्येक शेतकऱ्याला शिकवले होते.

"ॲप माझे, क्लाउड माझे, आणि तुम्ही खुणा गावभर वाटल्या?" मी टेबलावर हात आपटला.

"खूण तुन्ही कशी व्हयनी, दादा? वावर त्यासनं शे."

"मला बुडवले तुम्ही."

"भाव बरा दे. शेतकरी तुलेच बलावतीन."

मी त्यांना दार दाखवले. आठवड्याने ते पिंपळनेरला परत गेले. स्टँडवर सोडायला गाडी रिकामी होती, पण मी पाठवली नाही.

माझा राग अजून गेलेला नाही. पहाटेपासून जिवाला चैन नसते. फोन घेऊन गाळ्यात येरझारा घालतो आणि शेतकऱ्याने विचारायच्या आत बरा भाव सांगून टाकतो. आता वाट सगळ्यांनाच ठाऊक आहे.