वरची खोली आणि पहिलं कलम

मी काही लिहावं एवढी माझी पात्रता नाही, त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लंडनला कायदा शिकतोय म्हणून घरी सगळे कौतुक करतात. ते ऐकून हल्ली स्वतःचीच किळस येते.

लंडनच्या हाउन्सलो भागात मी एका मराठी काकांकडे भाड्याने राहतो. त्यांची वरची खोली रिकामी झाली, तेव्हा मी दक्षिण आफ्रिकेच्या राज्यघटनेवर निबंध लिहीत होतो. वर्गातला तिथलाच एक मित्र मला ती समजावून सांगायचा. पहिल्याच कलमात मानवी प्रतिष्ठा, समता, वंशभेदाला नकार. राज्यघटना सर्वोच्च, मत सगळ्या प्रौढांना. प्रतिष्ठा सर्वांत आधी का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "माझ्या आजोबांना स्वतःच्याच देशातल्या शहरात राहायला गोऱ्या सरकारचा पास लागायचा. तू काय आधी लिहिलं असतंस?"

मी ते वहीत उतरवून घेतलं.

त्याच संध्याकाळी काका म्हणाले, "वकीलसाहेब, खोलीची जाहिरात लिही बरं. काळे नकोत. पण तसं लिहू नकोस, उगाच लफडं नको."

"काका, असं करता येत नाही."

"म्हणून तर तुला सांगतोय! एवढा शिकतोस कशाला मग?"

मी लिहिलं. 'घरातल्या वातावरणाशी जुळवून घेणारी व्यक्ती हवी.' वाक्य तीनदा सुधारलं. आता कुणी बोट ठेवू शकणार नाही, याचा मला, खरं सांगतो, अभिमान वाटला. जाहिरात युनिव्हर्सिटीच्या ग्रुपवर टाकलीही मीच.

दोन दिवसांनी तोच मित्र दारात. त्याला महिनाअखेर राहती जागा सोडायची होती आणि दुसरी मिळत नव्हती. काका हसून म्हणाले, "सॉरी, रूम गेली." त्याने माझ्याकडे पाहिलं. मी जिन्यात उभा होतो.

"हो, कालच गेली," मी म्हणालो.

दार लागल्यावर काका म्हणाले, "बघ, किती सोपं! चल, चहा घे."

मी चहा घेतला. दोन बिस्किटंही खाल्ली.

खोली पुढे सात आठवडे रिकामी होती. निबंधाला चांगले मार्क मिळाले. खाली शेरा होता, मुद्दे मनापासून मांडले आहेत. मित्र वर्गात दिसेनासा झाला होता. त्याला मेसेज दोनदा लिहिला, दोनदा पुसला.

परवा बसमध्ये वर्गातली एक मुलगी भेटली. तिच्याकडून कळलं: जागा मिळेना म्हणून तो काही दिवस कुणाकुणाच्या सोफ्यावर झोपला आणि शेवटी कोर्स सोडून घरी परत गेला.