भुईला फक्त रबर

माझ्या धाकट्या दिरांएवढा हट्टी माणूस इंद्रायणीच्या काठापासून भीमाशंकरच्या जंगलापर्यंत दुसरा झाला नाही. बैल हट्टी असतो, पण वैरण दाखवली की वळतो. आमच्या भावजींना काहीही दाखवा, ते सायकल सोडत नसत. मी कुणाची उगाच स्तुती करत नाही, त्यांचीही करणार नाही. घडलं तेवढं सांगते.

आमचं घर चाकणजवळ आणि भावजींची नोकरी पिंपरीच्या कारखान्यात. कारखाना तेव्हा नवाच निघाला होता. बाकीचे लोक मोठ्या रस्त्यानं जायचे. भावजींचं मोटारीशी वाकडं. मोटारीनं त्यांचं काही बिघडवलं नव्हतं, पण त्यांचं म्हणणं एकच, "ज्या वाटंवर भोंगा वाजतो तिथं आपन पाव्हणं. आपन आपल्या वाटंनं जावं." म्हणून ते बांधावरून, गाडीवाटेनं, तळवड्याच्या माळावरून जायचे. आता निगडीला बसगाड्या उभ्या राहतात, तिथे तेव्हा बाभळी होत्या आणि बाभळीतून भावजींची वाट होती. मधे नदी आडवी यायची. मग सायकल खांद्यावर घ्यायची आणि पाण्यात उतरायचं. कारखान्यात पोचेपर्यंत पाटलोण ओली, अंगभर कुसळं. मुकादम म्हणायचा, "काय राव, कामावर आलात का मासं धरून आलात?"

हे रोजचं. सुट्टीच्या दिवशी तर ते डोंगरात जायचे. चिखल अडकतो म्हणून चाकांवरचे पत्रे त्यांनी काढून टाकले होते. रानात ट्यूब फुटली की टायरमध्ये वाळलं गवत ठासायचे आणि तसेच घरी यायचे. उतार फार असला तर मागे बाभळीची फांदी बांधायचे, म्हणजे ती घासत येते आणि सायकल पळत नाही. आमच्या अंगणात फांदी घासल्याचा आवाज आला की कोंबड्यासुद्धा ओळखायच्या. घंटी ते माणसासाठी वाजवत नसत. ससा, सरडा आडवा आला तरच वाजवायचे. माणसाला डोळे असतात, म्हणायचे. साखळीला दिव्यातलं तेल घालायचे, त्यामुळे आमच्या देवघरात निम्मा वेळ अंधार. चाकणच्या बाजारातले सायकल दुरुस्तीवाले चाचा हात जोडायचे, "भाऊ, ही सायकल हाय. बकरी न्हाई, डोंगरावर चरायला न्यायला."

बाजारातली टवाळी वेगळीच. भावजी खांद्यावर सायकल घेऊन नदीतून वर येताना लोकांनी पाहिलेले. मग कुणी विचारायचं, "तुमी सायकलवर बसता, का सायकल तुमच्यावर?" हे एकदा सासूबाईंसमोर झालं. सासूबाई घरी आल्या आणि डोक्यावरची पाटी न उतरवताच बोलल्या, "पुरं झालं. हिच्या माहेरापतूर सायकलीवर जाऊन दाखीव. वाटंत एकदा जरी खांद्यावर घेतलीस, तर येत्या बाजारात इकून टाकायची. लोकांनी हसायला घरात आनलीय का?"

हिच्या म्हणजे माझ्या. माझं माहेर भीमाशंकरच्या राखीव जंगलाच्या आत. मोटार सोडाच, बैलगाडीसुद्धा जंगलाबाहेरच थांबायची. साक्षीला कोण, तर मीच. मला तसंही माहेरी जायचं होतं, आणि सासूबाई म्हणाल्या, "ही खोटं बोलत न्हाई. हिला खोटं बोलायला जमतच न्हाई." ते खरं आहे. भावजींचा चेहरा उतरला. दुसरी कुणी साक्षीला असती तर भजी खाऊ घालून वळवली असती.

पहाटे निघालो. मी मागे कॅरिअरवर, मांडीवर भाकरीचं गाठोडं. खेड मागे टाकलं, पुढे वाडा गाव लागलं. तिथून जंगलाची वाट सुरू झाली तशी भावजींची जीभ सुटली. "ऐका वैनी, कशाचाच आवाज न्हाई." मी म्हटलं, "तुमचाच चाललाय." मग गप्प बसले. खरंच आवाज नव्हता. चाकाखाली पाचोळा वाजायचा, मधेच शेकरू ओरडायचं. चढावर मी उतरून चालायची, भावजी उभ्यानं पायडल मारत वळणं घेत वर जायचे. मी सारखी त्यांच्या खांद्याकडे बघत होते. त्यांनाही ते ठाऊक होतं.

माहेर समोर दिसायला लागलं, मधे फक्त देवीची राई राहिली, आणि तिथेच घोळ झाला. राईच्या तोंडाशी माझे चुलत चुलते बसले होते. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. राईचं सगळं तेच बघायचे. आमच्याकडे रीत अशी की देवीच्या राईत लोखंड भुईला टेकवायचं नाही. कोयता असो, कुऱ्हाड असो, खांद्यावर घ्यायची आणि निमूट पलीकडे जायचं. तात्यांनी सायकल वरपासून खालपर्यंत पाहिली.

"पाव्हणं, हे समदं लोखंड. घ्या खांद्यावर."

भावजी माझ्याकडे बघायला लागले. मी झाडाकडे बघायला लागले. दुसरी वाट कड्याच्या शिडीवरून होती, तिथेही खांद्याशिवाय गत नव्हती. राईत खांद्यावर घ्यावी तर सायकल बाजारात जाणार, न घ्यावी तर देवीचा कोप. हिरडे वेचून आलेल्या बायका पाट्या उतरवून बघत उभ्या राहिल्या.

भावजी खाली बसले. चाकावर हात ठेवून म्हणाले, "तात्या, भुईला लोखंड कुठं टेकतंय? रबर टेकतंय."

तात्या वाकले. टायर दाबून बघितला. पुन्हा दाबला.

"आन पडलात तर?"

"पडलो तर सायकल देवीची. इथंच ठिवून जाईन."

"वहाना काढा. त्यांला खिळं हायेत."

भावजींनी वहाणा माझ्याजवळ दिल्या. कमरेचा पट्टाही काढला, त्याला बक्कल होतं. एका हातानं पाटलोण सावरत माणूस सायकलवर चढला. बायका हसून बेजार झाल्या. मी मात्र वहाणा घट्ट धरून उभी होते. त्या सायकलीशिवाय हा माणूस घरात कसा दिसेल, ते मला डोळ्यांसमोर दिसत होतं.

राई म्हणजे भर दुपारी संध्याकाळ. निम्मी राई ते सरळ गेले. मग पाचोळ्याखालचं आंब्याचं मूळ पुढच्या चाकाला लागलं आणि सायकल आडवी व्हायला लागली. दुसरा कुणी असता तर उडी मारून बाजूला झाला असता. भावजींनी सायकलीला मिठी मारली, गिरकी घेतली आणि पाठीवर आपटले. ते खाली, सायकल त्यांच्या छातीवर. पाटलोण कुठे गेली ते मी पाहिलं नाही.

तात्या काठी टेकत आले. पायडल आणि भुई यांच्यामधून त्यांनी पंजा घालून पाहिला. हँडलाखालून पाहिला. एक फेरी घातली. "टेकलं न्हाई," म्हणाले.

"वैनी, हात द्या," भावजी खालून म्हणाले.

"मी साक्षीला आलेय," मी म्हटलं, "हात द्यायला न्हाई."

मग त्यांनी पडल्यापडल्या पायांनी सायकल वर ढकलली, चाकांवर उभी केली, पाटलोण बांधली, चढले आणि राईच्या बाहेर पडून थेट आमच्या अंगणात घंटी वाजवत गेले. समोर ससा नव्हता, सरडाही नव्हता.

बाजाराच्या दिवशी आम्ही परत आलो. सासूबाई चाचांच्या दुकानापुढेच उभ्या होत्या, टवाळखोरही जमले होते. सासूबाईंनी भावजींना काही विचारलं नाही, मला विचारलं.

"खांद्यावर घेतली का?"

"न्हाई," मी म्हटलं. "छातीवर घेतली." आणि घडलं ते सगळं सांगितलं, पाटलोणीसकट.

लोक हसायचे थांबेनात. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी लेकाच्या पाठीवरून हात फिरवला. कोपरं सोलवटलेली होती, ती बघितली. मग म्हणाल्या, "सोता खाली पडून छातीवर घेतली, म्हंजी ती सायकल न्हाई, ह्याचं लेकरू हाय. लेकरू कोन इकतं?" चाचांनी स्वतःच्या गळ्यातला गमछा काढून हँडलाला बांधला. त्या दिवसापासून बाजारात तो प्रश्न टवाळीनं कुणी विचारला नाही. सायकल तुमच्यावर का, असं विचारलंच तर भावजी छाती पुढे काढून म्हणायचे, "व्हय, माझ्यावर."

आता आमच्या बांधावरून कंटेनर जातात. माझ्या माहेरच्या जंगलाला अभयारण्य म्हणतात, आणि शहरातले लोक मोटारीवर सायकली बांधून तिथवर जातात. भावजी असते तर म्हणाले असते, ही लेकरं यांच्या छातीवर कधी बसायची.

म्हातारपणी त्यांना पाय उचलेना. सायकल पडवीत उभी असायची आणि ते रोज सकाळी चाकांत हवा भरायचे. कशाला भरता, म्हटलं तर म्हणायचे, "रबर बसलं तर लोखंड टेकंल, वैनी." ते गेले त्याला बरीच वर्षं झाली. घरच्यांनी दोनदा विचारलं, ही भंगारात द्यायची का. मी नाही म्हटलं. पडवी काही देवीची राई नाही, हे मलाही कळतं. पंप जड आहे, माझे हात दुखतात. तरी सकाळी हवा भरते.