'मुद्दाम' हा शब्द सोडून

लीला मुळ्ये यांना भांडणं मिटवायची हौस कधीच नव्हती. त्यांना मराठी शिकवायची हौस होती, आणि शाळेत त्यांचा तिसरा तास मोकळा असायचा, एवढंच. मुलांची मारामारी बहुधा दुसऱ्या तासाला व्हायची. मुख्याध्यापकांना कामं असायची, निदान तसं त्यांच्या चेहऱ्यावर असायचं. मग शर्टाची बटणं तुटलेली दोन मुलं मोकळ्या असलेल्या मुळ्येबाईंकडे धाडली जायची. अशा रीतीने रत्नागिरीत बाईंचं नाव झालं. वेळापत्रक वेगळं असतं तर गाण्याच्या बाईंचं झालं असतं.

बाईंची पद्धत एकच होती. काय झालं ते सांगायचं, पण 'मुद्दाम' हा शब्द न वापरता.

"बाई, यानं मुद्दाम माझी चप्पल कौलांवर टाकली."

"मुद्दाम काढ."

"यानं माझी चप्पल कौलांवर टाकली."

"पुढे?"

पुढे काही नसायचं. बाईंचं म्हणणं असं, की चप्पल वर गेली हे सगळ्या वर्गानं पाहिलं. मनात काय होतं ते कोणी पाहिलं? तक्रारीतला तेवढाच एक शब्द न पाहिलेला असतो आणि सगळी मारामारी त्याच्यावर उभी असते. चप्पल आपोआप कौलांवर जात नाही, हा आक्षेप घेण्याचं धैर्य सातवीतल्या मुलांत नव्हतं. चप्पल काढायला दोघांना एकत्र पाठवलं जायचं आणि तास संपायचा.

निवृत्तीनंतर बाई जवळच मिरजोळ्याला राहायला गेल्या, तर भांडणं तिथेही आली. आता ती मोठ्या माणसांची होती, पण शब्द तोच. "यांनी मुद्दाम माझ्या आईसमोर विषय काढला." "हिनं मुद्दाम आमटी अळणी केली." बाई सल्ला देत नसत. चहासुद्धा हकिगत पुरी झाल्यावर. एका जोडप्याकडून तो शब्द काढून घेतल्यावर एकमेकांशी बोलायला काहीच उरलं नाही. ती दोघं गप्प घरी गेली आणि बाईंच्या माहितीप्रमाणे अजून गप्प आणि सुखात आहेत.

सानवी त्यांची जुनी विद्यार्थिनी. मिरजोळ्याच्याच एका कारखान्यात ऑफिसात होती. गाव हातखंब्याच्या पुढचं, आईवडील शेतकरी, थोडं भात, थोडी हापूसची कलमं. तिचं लग्न येत्या चैत्रातलं ठरलं होतं आणि ते ठरल्याचं सांगताना ती रडत होती. बाईंनी आधी मुलाविषयी विचारलं. मुलगा चांगला होता. अडचण काकाची होती.

विनीतकाका म्हणजे तिच्या बाबांचा, बाबल्याचा, धाकटा भाऊ. मुंबईत नोकरीला. सानवी डिप्लोमाला त्याच्याकडे राहिली होती. परीक्षेच्या दिवशी तो रजा टाकून तिला सोडायला जायचा. त्याचं आणि घराचं तीन वर्षं बोलणं नव्हतं. कारण एक सर्वनाम.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात विनीत गावी आला असताना कोणी व्यापारी बांधावर उभा राहून विचारता झाला, ही कलमं कोणाची. विनीत तोंड उघडणार, तेवढ्यात सानवीची आई, जनी, म्हणाली, "आमची." आणि विनीतकडे हात करून, "हे पाव्हणे. मुंबयवरनं आलेत."

विनीत त्याच रात्रीच्या गाडीने परत गेला. मधे सगळ्यांनी समजूत घातली: वहिनी चुकून बोलली, तिला कुठलं आलंय आपलं-आमचं. प्रकरण जरा निवत आलं होतं. तोच बाबल्याने लग्नपत्रिका भावकीच्या ग्रुपवर टाकली. पत्रिका पहिल्या ओळीला सगळ्यांच्या सुरू होतात तशीच सुरू होत होती: आमचे येथे श्रीकृपेकरून. विनीतने उत्तर दिलं, "अभिनंदन. तुमचे येथे असाच आनंद राहो," आणि तो ग्रुपमधून बाहेर पडला.

"बाई, काका नसेल तर मी बोहल्यावर उभी राहीन, पण माझं लक्ष दारात असेल," सानवी म्हणाली. "तुम्ही चला. तो शिमग्याला येणार आहे."

तो येणार हे नक्की होतं. भावाशी अबोला धरता येतो, पालखीशी धरता येत नाही. ग्रामदेवतेची पालखी घरी यायच्या दिवशी विनीत आला, मित्राच्या घरी उतरला, आपल्याच अंगणात पालखीपुढे हात जोडून परक्यासारखा उभा राहिला आणि प्रसाद घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सानवीने त्याला बाई आल्याचं सांगून बोलावलं. बाईंना तो ओळखत नव्हता, पण शिक्षक आल्यावर जायचं असतं एवढं त्याला शाळेत कोणीतरी शिकवलं होतं.

अंगणात खुर्च्या मांडल्या. बाबल्या पायरीवर बसला. तो स्वभावाने असा, की भांडणात तो कोणत्या बाजूला आहे हे दोन्ही बाजूंना कधी कळलं नव्हतं. जनी आत होती.

बाईंनी नियम सांगितला. विनीतने सुरुवात केली. वहिनीनं परक्या माणसासमोर मुद्दाम... मग तो थांबला. बाई वाट पाहत राहिल्या.

"आमची म्हणाली," विनीत म्हणाला. "मला पाव्हणा म्हणाली. झालं."

"चुकून गेला असेल रे तोंडातनं," बाबल्या पायरीवरून म्हणाला.

इथे बाईंना थांबता आलं असतं. पण विषय मराठीचा होता. त्यांनी आम्ही आणि आपण यांतला फरक समजावून सांगितला: आम्ही म्हणजे ऐकणाऱ्याला वगळून, आपण म्हणजे त्याला धरून. ही सोय सगळ्याच भाषांत नसते. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, त्यामुळे त्यांना भाऊबंदकीसाठी कोर्टात जावं लागतं. आपलं सर्वनामात भागतं. बोलताना या दोन्हींत गल्लत सहज होते, पत्रिकेतलं 'आमचे येथे' तर नुसता छापील साचा आहे, तेव्हा वहिनींच्या मनात काही नव्हतं असं धरून चालावं.

बाईंना स्वतःला हे विवेचन चांगलं झालं असं वाटलं. विनीतची मान खालीच होती. तीन वर्षं तो हेच ऐकत होता, फक्त व्याकरणाशिवाय.

जनी बाहेर आली. हातात चहा नव्हता.

"बाई, मी चुकून नाय बोलले," ती म्हणाली. "मी मुद्दाम बोलले."

बाईंच्या साऱ्या नोकरीत हे वाक्य कोणी उच्चारलं नव्हतं. पद्धतीत त्याला जागाच नव्हती.

जनी विनीतकडे वळली. "भावजी, त्या दिवशी सकाळी तुमी फोनवर होतात. ऑफिसातल्या कोणालातरी सांगत होतात, या, आपली कलमं हायत, हवे तेवढे आंबे न्या. आपली. फवारणीचा पंप पाठीवर मी घेते. वानर हाकायला उन्हात मी बसते. तुमी मे महिन्यात येता आणि आपली म्हणून वाटता. मला राग आला. म्हणून व्यापारी विचारायला लागला तेव्हा मी आमची म्हटलं. पाव्हणे पण मुद्दामच म्हटलं."

बाबल्या पायरीवरून उठला, कुठे जायचं ते न सुचल्यामुळे परत बसला.

विनीतने मान वर केली. मग म्हणाला, "सगळे मला सांगतात तू चुकून बोललीस."

"मला कोणी विचारलं? तुमच्या दादानं परस्पर सांगून टाकलं."

"मला वाटायचं, मी येडा. एवढ्याशा शब्दावरून रुसलेला." त्याने तोंडावरून हात फिरवला. "म्हणजे मी बरोबर ऐकलं होतं."

"बरोबर ऐकलंत. फोनवर काय बोललात तेवढं ऐकलं नायत."

विनीतला यावर हसू आलं. ते त्याने दाबलं, पण उशिरा. आंबे वाटायच्या आधी विचारायला हवं होतं, हे त्याने कबूल केलं. जनीने पाव्हणा हा शब्द मागे घेतला. आमची हा घेतला नाही. फवारणीला एकदा येऊन बघा, मग बोलू, असं तिचं म्हणणं होतं. विनीतने डिसेंबरात रजा मिळते का बघतो म्हणून सांगितलं. सानवी दारात उभी होती, तिने एवढंच विचारलं, "आणि लग्नाला?"

उत्तर जनीने दिलं. ती आत जाऊन पत्रिकांची पिशवी आणि अक्षतांची वाटी घेऊन आली. मुंबईकर शिमग्याला गावात असतात तोवर वाडीतली आमंत्रणं उरकायची होती, आणि बाबल्याला चार माणसांत बोलता येत नाही हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं. ती पिशवी तिने विनीतच्या मांडीवर ठेवली.

"ऊन व्हायच्या आधी वरची घरं करून या," ती म्हणाली. "परत जेवायलाच या."

मग तिने बाईंना चहा विचारला. बाई हो म्हणाल्या. आपल्याला इथे कशासाठी बोलावलं होतं हे विचारावं असं त्यांना क्षणभर वाटलं, पण चहा आला होता.

विनीत आणि बाबल्या पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढून वर गेले. पहिलं घर म्हाताऱ्या धाकूचं. तो ओट्यावर काही न करता नुसता बसला होता आणि दोन भाऊ एकत्र येताना बघून त्याने चष्मा लावला.

"कोणाकडचं लग्न?" त्याने विचारलं. त्याला ते चांगलं माहीत होतं.

"आमच्याकडचं," विनीत म्हणाला. "सानवीचं. सगळ्यांनी यायचं."

"आणि तू हायस काय?"

"मी कुठं जातो?" विनीत म्हणाला आणि अक्षतांची वाटी त्याच्यापुढे धरली.

धाकूने अक्षता घेतल्या. मग बाबल्याकडे बघून म्हणाला, "बोलायला ह्याला आणलास ते बरं केलंस. तू एकटा आला असतास तर लग्न कोणाचं तेच कळलं नसतं."