गॅलरीतला कळप

संध्याकाळी सहाच्या आसपास आमच्या गॅलरीत ऊन आडवं येतं आणि तासभर तसंच रेंगाळतं. कचेरीतून आले की मी चहा घेऊन तिथं बसते. समोरच्या टेबलावर प्लास्टिकच्या बाहुल्या, बोटभर उंचीचे राक्षस, शिंगवाले, पंखवाले आणि अंतराळातले शिपाई उभे असतात. त्यांना रंगवणं हा माझा छंद. बीडमध्ये हा छंद असलेलं दुसरं कुणी मला अजून भेटलेलं नाही. कचेरीत एकदा बोलून बसले, तर शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "विकता का?" नाही म्हटल्यावर त्यांचा माझ्यातला रस संपला.

आधी राखाडी अस्तर द्यायचं. मग अंगाचा रंग, कपड्यांचा रंग. त्यावर पाण्यासारखा पातळ काळपट रंग सोडायचा. तो आपला आपण घड्यांमध्ये, बरगड्यांमध्ये, बोटांच्या फटींत जाऊन बसतो आणि समोरचा तुकडा श्वास घ्यायला लागतो. मग कोरड्या ब्रशानं वरच्या कडा उजळायच्या. डोळे सगळ्यांत शेवटी. हे करता करता मी कुठं जाते ते सांगता येणार नाही. वर दोन चंद्र असतात, जमीन जांभळी असते, लांबून कुणीतरी काहीतरी हाकत येत असतं. खाली गल्लीत रिक्षा हॉर्न देते, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी होते. ते सगळं मला ऐकू येतं, पण दुसऱ्याच गावातलं वाटतं.

इंटरनेटवर परदेशातल्या अशाच वेड्यांचा एक ग्रुप आहे. दर मार्चमध्ये तिथं एक आव्हान असतं. महिन्याच्या सुरुवातीला वीस कोऱ्या बाहुल्यांचा फोटो टाकायचा आणि एकतीस तारखेपर्यंत वीसच्या वीस रंगवून दुसरा. जमलं तर नावापुढं एक लहानसा सोनेरी ब्रश मिळतो. तीन वर्षं मी त्यात नाव घालत होते आणि तिन्ही वेळा अर्ध्यात सोडलं होतं. चौथ्या वर्षी मात्र घरात आबा होते.

आबा म्हणजे माझे वडील. सगळं आयुष्य त्यांनी चकलांब्याच्या बाजूला मेंढरांमागं काढलं. गुडघे गेले तेव्हा कळप विकावा लागला. आई त्याआधीच गेली होती. दिवाळीनंतर एकदा ओढ्यात पाय घसरून ते सकाळपासून उन्हं डोक्यावर येईपर्यंत पडून होते आणि कुणाला पत्ता नव्हता. ते कळलं तशी मी गेले आणि जवळजवळ उचलूनच त्यांना बीडला आणलं. मी एकटीच राहते. दोन खोल्या, एक गॅलरी. म्हटलं, दोघांना पुरे.

पण आबांचा जीव इथं लागेना. भिंतीला पाठ लावून बसायचे आणि दाराकडं बघायचे. विचारलेल्याला उत्तर द्यायचे, तेवढंच. त्यांची पिशवी भरलेली असायची, खुंटीला. एक दिवस म्हणाले, "माय, हितं दम कोंडतो. मी आपला गावाकडं जातो."

"आन् परत ओढ्यात पडलात तर?"

"पडलो तर पडलो."

मी चिडले. माझा राग नाकावर असतो, हे मला ठाऊक आहे. पण त्या दिवशी गिळला आणि म्हणाले, "निदान मार्च संपूस्तवर ऱ्हावा. माझं हे वीस रंगवायचं काम होऊ द्या." त्यांनी टेबलावरच्या राखाडी गर्दीकडं पाहिलं. काय वाटलं कुणास ठाऊक, पण 'बरं' म्हणाले. तुझं झालं की मी निघतो, असंही म्हणाले. म्हणजे माझं काम संपलं की आबा जाणार. मला ते जायला नको होते. तो ओढा मला रोज दिसायचा.

पहिला आठवडा ते लांबूनच बघत होते. मग एक दिवस खुर्ची गॅलरीत सरकली. त्या वर्षीच्या वीसमध्ये बारा जण कमरेखाली बकऱ्यासारखे आणि वर माणसासारखे होते. खुरं, दाढी, मागं वळलेली शिंगं, हातात भाले. उरलेले आठ आकाशयानातले शिपाई. आबांनी शिपायांना हात लावला नाही. बकरेवाल्यांतला एकेक उचलून डोळ्यांशी धरला आणि पाय तपासले.

"ह्यो म्होरं चालणारा हाय," ते म्हणाले. "मान बघ की त्याची."

मला तर बाराही सारखेच दिसत होते. एकाच साच्यातून निघाल्यावर दुसरं काय होणार? पण आबांना ते एक एक वेगळे दिसत. हा काळतोंड्या, ही लंगडी, हा नुसता चरणारा, कामाचा न्हाई. एकीची शिंगं पार्सलमध्येच मोडून आली होती. मी ती बाजूला टाकली होती. आबांनी तिला पुन्हा ओळीत उभं केलं. "मुंडी हाय. मुंडी मेंढी लई गरीब असती. हिला कावून काढलीस?" मुंडी म्हणजे बिनशिंगाची. मग तिला मी कवडीसारख्या पांढुरक्या रंगाची लोकर आणि निळे डोळे दिले. त्या बाराजणांत ती सगळ्यांत चांगली उतरली.

त्या संध्याकाळी आठवल्या की मला अजून सुस्तावल्यासारखं होतं. मी ब्रश चालवायची आणि आबा बोलायचे. कुठल्या रानात कुठलं गवत, गोदावरीकडं उतरताना मेंढरांना पाण्याचा वास किती आधी येतो, कोकरू आईला आवाजावरनं कसं शोधतं. माझी जांभळी जमीन आणि त्यांची काळी जमीन हळूहळू एक होत गेली. दोन चंद्रांखालून मेंढरं चालली आहेत, पुढं काळतोंड्या, मागं खांद्यावर घोंगडी टाकलेले तरुण आबा. मी लहान असताना ते आठ आठ महिने घराबाहेर असत. ते कुठं जातात हे मला तेव्हा कधी कळलंच नव्हतं. ते आता कळत होतं, आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, मार्चला एकतीसच्या जागी पन्नास दिवस असते तर काय बिघडलं असतं.

अठ्ठावीस तारखेला विसावा रंगवून झाला. आबांनी विचारलं, "आता काय करायचं ह्यांचं?"

"आता पाठवायचे," मी ब्रश धूत म्हणाले. "जगभरातनं हजारो येत्यात. सगळे एकाच जागी बघायला मिळत्यात."

"हजारोत?"

"व्हय की."

"मग आपले वळखायचे कशे?"

"वळखू येत्यात की, आबा," मी हसून म्हणाले आणि भाकरी करायला आत गेले. पाठवायचा तो फोटो, हे सांगायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. आमच्यासारख्यांच्या तोंडात आता पाठवणं म्हणजे फोटोच असतो.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून आले तर आबा गॅलरीत खूश होऊन बसले होते. टेबलावर माझी लाल रंगाची बाटली उघडी. आणि वीसच्या वीस जणांच्या डाव्या फऱ्यावर, म्हणजे मागच्या मांडीवर, लाल ठिपका आणि त्याखाली आडवी रेघ. शिपायांनासुद्धा सोडलं नव्हतं. त्यांच्या रुपेरी चिलखतावर तो ठिपका चांगला ज्वारीच्या दाण्याएवढा होता. ती आमच्या कळपाची खूण. दुसऱ्या कुणाचा कळप वाटेत भेटला आणि मेंढरं मिसळली, तर वेगळी काढता यावीत म्हणून आबा ती गेरूनं करायचे.

"आता कुटं बी जाऊ दे," आबा म्हणाले. "चुकायची न्हाईत."

महिनाभराचं काम. काय होतंय ते कळायच्या आत मी टेबलावर हात आपटला होता. बाहुल्या आडव्या झाल्या. "कुणी सांगितलं होतं तुमाला? कळप इकून वरीस झालं आबा. आता काय ऱ्हायलंय आपलं, खूण करायला?"

आबा आडवी झालेली एकेक उभी करायला लागले. मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाच भांडी वाजवत राहिले. आपण काय बोललो ते पाणी उकळेपर्यंत माझ्या ध्यानात यायला लागलं होतं. चहाचे दोन कप घेऊन बाहेर आले, तर खुर्ची रिकामी. काठी नाही, दाराशी चपला नाहीत.

मी तशीच पळाले. पिशवी खुंटीला आहे की नाही हे बघायचंही भान राहिलं नाही. रिक्षा करून स्टँडवर गेले. गेवराईकडची गाडी लागली होती, तिच्यात चढून पुढून मागून एकेक तोंड बघितलं. आबा नव्हते. चौकशीच्या खिडकीतला माणूस म्हणाला, आत्ताच एक गेली. मी खांबाला धरून उभी राहिले. मी त्यांना हाकलून दिलं होतं. ज्या माणसाला मी ओढ्यापासून वाचवायला आणलं, त्याला मीच ओढ्याकडं लावून दिलं होतं. त्यांच्याकडं फोनही नसतो. गेवराईहून पुढं गावाकडं रात्री काही मिळत नाही, म्हणून सकाळच्या पहिल्या गाडीनं जायचं ठरवून मी चालतच घरी निघाले.

इमारतीच्या मागं, आमच्या गॅलरीच्या बरोबर खाली, गाजरगवतात कुणीतरी वाकलेलं दिसलं. आबा काठीनं एक एक झुडूप बाजूला करत होते. सुजलेल्या गुडघ्यांवर त्यांनी हात टेकला होता.

"एक कमी हाय," मला बघून ते म्हणाले. "मुंडी. तू हात आपटलास तवा कठड्यावरनं खाली गेली. तू कुटं गेलतीस?"

"स्टँडवर."

"कावून?"

"मला वाटलं तुमी गावाकडं गेलात."

आबांनी माझ्याकडं असं पाहिलं, जशी काही मी अगदीच अडाणी आहे. "एक कमी आस्ताना कुणी जातं का, माय?"

मला रडू आलं. गाजरगवतात उभी राहून मी रडले आणि म्हणाले, "आबा, चुकले मी. लई वंगाळ बोलले." ते म्हणाले, "ती सापडू दे आधी." मग काही दिसेनासं होईपर्यंत आम्ही दोघं शोधत राहिलो. मुंडी काही मिळाली नाही.

एकतीस तारखेला मी एकोणिसांचाच फोटो टाकला, खुणेसकट. खाली लिहिलं की हा आमच्या कळपाचा शिक्का आहे आणि एक मेंढी चुकली आहे, शोध चालू आहे. सोनेरी ब्रश मिळाला नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण कुठकुठल्या देशांतले लोक पुढं कितीतरी दिवस विचारत होते, मेंढी मिळाली का. मी ते आबांना वाचून दाखवायची. "लोक चांगले हायेत," आबा म्हणायचे.

ते गेले नाहीत. रोज सकाळी भाकरी खाऊन काठी घेऊन खाली उतरायचे आणि शोधायचे. हळूहळू गल्लीतल्या लोकांशी ओळखी झाल्या. किराणा दुकानदार त्यांना स्टूल द्यायला लागला. नेकनूरकडचा एक म्हातारा, त्यानंही जनावरं राखलेली, तो येऊन बसायला लागला. दोघं बोलता बोलता गवत चाळायचे.

एप्रिलच्या मध्यावर तळमजल्याच्या काकूंनी कढीपत्ता न्यायला हाक मारली. त्यांच्या खिडकीखाली कोरफडीची कुंडी होती आणि तिच्या पानांच्या बेचक्यात मुंडी अडकली होती. एक कान मोडून लोंबत होता. मी तिला मुठीत धरून जिना चढले. आबा वर पाणी पीत होते. मी मूठ उघडली नाही. आत जाऊन कपाटाच्या खणात, कचेरीच्या कागदांखाली तिला तशीच टाकली. इतकी साधी लबाडी मी आयुष्यात दुसरी केली नसेल, आणि तिची मला इतकी लाजही कधी वाटली नाही. रोज सकाळी ते जिन्यात गुडघा सावरत उतरायचे तेव्हा मी दारातून बघत राहायची. तरी मी सांगितलं नाही. मिळाली म्हटलं असतं तर पिशवी खुंटीवरून निघाली असती.

मे महिन्यात एक कागद हवा होता म्हणून खण उघडला. कागद नीट रचून बाजूला ठेवलेले होते. मुंडी होती, पण मी टाकली होती तशी नव्हती. आबांच्या जुन्या धोतराचा मऊ तुकडा फाडून त्यात तिला गुंडाळलं होतं, आणि मोडलेला कान जागेवर चिकटवलेला होता. डिंक पार वाळला होता, म्हणजे काम जुनं होतं. मी तिला पुन्हा तशीच गुंडाळली आणि खण बंद केला.

दुसऱ्या दिवशी मी भाकरी थापत असताना आबांनी चपला पायात सरकवल्या आणि काठी घेतली.

"जरा बघून येतो."

"या," मी तव्याकडं बघत म्हणाले. "सापडंल आज."

"न्हाई सापडायची इतक्यात," आबा म्हणाले आणि जिना उतरायला लागले.